मल्टिसाइटमधल्या एका ब्लॉगला स्वतःचं डोमेन: प्लगिन कुठलं वापरावं?

वाटसरू | सोम, २१:१२

नमस्कार मंडळी,

वर्डप्रेस मल्टिसाइटवर (म्हणजे एकाच वर्डप्रेसमध्ये अनेक ब्लॉग) आमचं चौदा ब्लॉगांचं जाळं आहे. सगळे उपडोमेनवर, म्हणजे कविता.मुख्य.ऑर्ग, प्रवास.मुख्य.ऑर्ग या धर्तीवर (नावं अर्थातच बदलली आहेत). जाळं मी सांभाळतो. निवडून वगैरे आलेलो नाही, बैठकीला उशिरा पोहोचलो तेव्हा माझं नाव लिहून झालं होतं.

आता प्रवासवाल्या ताईंनी स्वतःचं डोमेन घेतलंय. ब्लॉग त्या पत्त्यावर दिसावा, पण जाळ्यातून बाहेर पडायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. २०१३ सालचा एक लेख वाचला. त्यात डोमेन मॅपिंगचं (ब्लॉगला वेगळं डोमेन जोडायचं) प्लगिन, सनराइज नावाची फाइल हलवणे, कॉन्फिगमध्ये ओळ टाकणे असं बरंच आहे. हे अजूनही असंच करतात का? प्लगिन कुठलं घ्यावं?

गोफण | सोम, २१:३०

मी २०१४ ला केलं होतं. प्लगिन टाकायचं, त्यातली सनराइज डॉट पीएचपी डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरमध्ये आणायची, कॉन्फिगमध्ये सनराइज 'ऑन' करायचं. आजतागायत चालू आहे. घाबरू नका, अर्ध्या तासाचं काम.

अर्धविराम | सोम, २१:५१

गोफण, असहमत. नव्याने करणाऱ्याला आता हा रस्ता दाखवू नका.

वाटसरू, प्लगिन नकोच. वर्डप्रेस ४.५ पासून, म्हणजे एप्रिल २०१६ पासून, ही सोय मूळ वर्डप्रेसमध्येच आहे. नेटवर्क अ‍ॅडमिनमध्ये साइट्सच्या यादीत जा, त्या ब्लॉगचं 'एडिट' उघडा, साइट अ‍ॅड्रेसच्या चौकटीत नवा पत्ता लिहा, सेव्ह करा. संपलं.

सनराइज फाइल तेव्हा का लागायची तेही सांगतो. आलेली विनंती कुठल्या ब्लॉगची हे वर्डप्रेस डेटाबेसमधल्या 'ब्लॉग्ज' नावाच्या तक्त्यात डोमेन शोधून ठरवतं. जुन्या काळी तिथे उपडोमेनच असायचं आणि नवं डोमेन प्लगिनच्या वेगळ्या तक्त्यात. मग मूळ शोध सुरू होण्याआधीच मध्ये घुसून 'हा पाहुणा आपलाच' असं सांगायला कोणीतरी लागायचं. ते काम सनराइज करायची. आता नवं डोमेन थेट मूळ तक्त्यात बसतं, मध्यस्थाची गरज उरली नाही.

गोफण | सोम, २१:५८

चालतंय ना पण. चालत्या गाड्याला खीळ कशाला?

अर्धविराम | सोम, २२:०३

तुमचा चालू द्या हो. नवीन गाडा बांधताना जुनी खीळ ठोकू नका एवढंच म्हणणं.

मुंगळा | सोम, २२:२०

मुळात मल्टिसाइटमध्ये राहायचंच कशाला? ताईंचं डोमेन आहे तर वेगळं वर्डप्रेस बसवून द्या. मल्टिसाइट म्हणजे एकत्र कुटुंब. एकाने प्लगिनचं अपडेट चुकवलं की चौदा घरांत अंधार.

पिंपळपान | सोम, २२:३४

मुंगळा, आणि चौदा वेगळी वर्डप्रेस अपडेट कोण करणार, तुम्ही येणार का? :) एकत्र कुटुंबात निदान किल्ल्या एकाच माणसाकडे असतात.

मुंगळा | सोम, २२:३६

तो माणूस गावाला गेला की मग बघा.

कुंपण | सोम, २३:०५

वर्डप्रेसमधला भाग अर्ध्या मिनिटाचा आहे हे अर्धविराम यांचं बरोबर, पण 'संपलं' म्हणाले ते चूक. खरी कटकट वर्डप्रेसच्या बाहेर आहे आणि तिथे क्रम चुकला की रात्र जाते.

आदल्या दिवशी डोमेनच्या डीएनएस नोंदींचा (कुठलं नाव कुठल्या सर्व्हरवर जातं त्या नोंदी) टीटीएल, म्हणजे उत्तर किती सेकंद साठवायचं तो आकडा, कमी करून ठेवा. ८६४०० असेल तर ३०० करा. मग सर्व्हरला सांगा की हे नवं नाव आपलंच आहे. सर्व्हरचं सॉफ्टवेअर अपाचे असेल तर सर्व्हर अलायस, एनजिन्एक्स असेल तर सर्व्हर नेमच्या ओळीत भर. होस्टिंगचं पॅनल असेल तर डोमेन 'अलायस' म्हणून जोडा आणि त्याचा फोल्डर वर्डप्रेस आहे तोच ठेवा. लोक नेमकं हेच विसरतात. मग सर्व्हर अनोळखी नाव बघून पहिली जी साइट सापडेल ती दाखवतो आणि माणूस 'माझ्या ब्लॉगवर दुसऱ्याचाच संसार दिसतोय' म्हणून ओरडत येतो.

त्यानंतर डीएनएस. बिनडब्ल्यूच्या (पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेल्या) नावाला ए रेकॉर्ड, त्यात सर्व्हरचा आयपी पत्ता. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूला सीनेम ('त्या दुसऱ्या नावाचाच पत्ता घ्या' अशी नोंद) चालेल. बिनडब्ल्यूच्या मूळ नावाला मात्र सीनेम लावायचा प्रयत्न करू नका. सीनेम असलेल्या नावाला दुसरी कुठलीच नोंद चालत नाही, आणि मूळ नावाला एनएस (नेमसर्व्हर कोणते) आणि एसओए (डोमेनची मूळ माहिती) या नोंदी असाव्याच लागतात. काही डीएनएस सेवा 'अलायस' किंवा 'फ्लॅटनिंग' नावाने यातून वाट काढून देतात, ती असेल तर उत्तम.

नाव आपल्या सर्व्हरकडे वळलंय याची खात्री झाली की एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र. तुमच्याकडे उपडोमेनांसाठी वाइल्डकार्ड प्रमाणपत्र असेल, त्याचा इथे उपयोग नाही. ते फक्त मुख्य.ऑर्गखालच्या एका पायरीपुरतं असतं. आणि हे सगळं झाल्यावर, सर्वांत शेवटी, वर्डप्रेसमधला पत्ता बदला.

चकवा | सोम, २३:११

आणि मग ४८ तास देवाचं नाव घेत बसा. डीएनएस जगभर पसरतंय...

अर्धविराम | सोम, २३:२७

चकवा, हलके घ्या. पण डीएनएस कुठेही पसरत नसतं. वाटेतल्या सर्व्हरांनी जुनं उत्तर लिहून ठेवलेलं असतं आणि टीटीएल संपेपर्यंत ते तेच सांगत राहतात. म्हणून तर कुंपण यांनी टीटीएल आधी कमी करायला सांगितला. बदल केल्यावर कमी करण्यात काही अर्थ नाही, जुनं उत्तर जुन्याच मुदतीने मरतं.

यात एक गंमत आहे. नोंद करण्याआधीच उत्साहाने नाव तपासून बघितलंत तर 'असं नाव नाही' हे उत्तरसुद्धा साठवलं जातं. किती वेळ, ते डोमेनच्या एसओएमधल्या शेवटच्या आकड्यावरून ठरतं. तेव्हा आधी नोंद, मग उत्सुकता.

चकवा | सोम, २३:२९

उत्सुकतेला टीटीएल नसतो सर.

पिंपळपान | मंगळ, ०७:४५

माझाही एक अनुभव, वाटसरूंनी जरूर वाचावा. आमच्याकडे एकाने ए रेकॉर्ड बदलण्याऐवजी अख्खे नेमसर्व्हरच (डोमेनच्या सगळ्या नोंदी जिथे असतात ते) बदलले. साइट दहा मिनिटांत सुरू, सगळे खूश. चार दिवसांनी कोणीतरी विचारलं, 'तुम्ही मेलला उत्तर का देत नाही?' जुन्या नेमसर्व्हरवरच्या एमएक्स नोंदी, म्हणजे मेल कुठे पोहोचवायचं त्या, नवीनकडे कोणी नेल्याच नव्हत्या. काही मेल पाठवणाऱ्यांकडे परत गेले, काहींचं काय झालं ते आजही माहीत नाही. ताई त्या डोमेनवर मेल वापरत असतील तर नेमसर्व्हरला हात लावण्याआधी सगळ्या नोंदींचा कागद करून ठेवा. खरंतर हात लावूच नका, ए आणि सीनेम एवढंच बदला.

वाटसरू | मंगळ, २२:४०

सर्वांचे आभार. प्लगिनचा नाद सोडला. अलायस जोडला, ए रेकॉर्ड बदलला, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूला सीनेम दिला. मग राहवलं नाही म्हणून प्रमाणपत्राआधीच वर्डप्रेसमधला पत्ता बदलला (कुंपण, माफ करा). ताईंना डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट हवं होतं म्हणून तसंच लिहिलं.

आता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून ब्लॉग दिसतो. न लावता उघडलं की आमच्या मुख्य साइटच्या नोंदणीच्या पानावर जातं आणि तिथे 'नोंदणी बंद आहे' अशी पाटी. हे काय?

कुंपण | मंगळ, २२:५८

क्रम चुकवलातच. असो.

नोंदणीचं पान म्हणजे विनंती वर्डप्रेसपर्यंत पोहोचली, पण त्या नावाचा ब्लॉग त्याला सापडला नाही. उपडोमेनवाल्या मल्टिसाइटमध्ये अनोळखी नाव आलं की वर्डप्रेस समजतं, पाहुण्याला या नावाचा नवा ब्लॉग उघडायचा असेल. कॉन्फिगमध्ये नोब्लॉगरिडायरेक्ट ठरवून हे बदलता येतं, पण तुमचा आजार तो नाही.

गंमत अशी की वर्डप्रेस याबाबत एकाच बाजूने उदार आहे. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आलेलं नाव ते तसंही शोधतं आणि डब्ल्यू काढूनही शोधतं. बिनडब्ल्यूचं आलं तर मात्र डब्ल्यू लावून बघत नाही. म्हणून वर्डप्रेसमध्ये पत्ता बिनडब्ल्यूचा ठेवा, दोन्ही नावं चालतील आणि डब्ल्यूवालं आपोआप वळेल. ताईंचा हट्टच असेल तर बिनडब्ल्यूवरून डब्ल्यूवर वळवायचा नियम सर्व्हरमध्ये लिहावा लागेल.

वाटसरू | मंगळ, २३:३१

ताईंना विचारलं. म्हणाल्या, 'मला काय, छोटं असेल तर बरंच.' डब्ल्यू काढले, चाललं.

आता प्रमाणपत्र मिळत नाही. लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणपत्र देणाऱ्या सेवेवरून पाच वेळा प्रयत्न केला, आता म्हणतं फार प्रयत्न झाले, नंतर या. माझ्याकडे ब्लॉग व्यवस्थित उघडतोय. ताईंच्या मोबाइलवर मात्र 'हे डोमेन लवकरच सुरू होत आहे' असं डोमेन विकणाऱ्यांचं पान दिसतं. कालपासून. टीटीएल ३०० होता!

चकवा | मंगळ, २३:३३

पसरतंय, पसरतंय.

रातराणी | मंगळ, २३:५०

इतका वेळ फक्त वाचत होते. वाटसरू, पहिल्या प्रयत्नाच्या त्रुटीचा मजकूर नीट बघा. त्यात एक आयपी पत्ता असेल. तो तुमच्या सर्व्हरचा आहे का?

वाटसरू | बुध, ००:०४

नाही! चार आकड्यांचा नाहीच आहे. मध्येमध्ये अपूर्णविराम असलेला लांबलचक काहीतरी आहे, शेवटी ४०४ लिहिलंय.

रातराणी | बुध, ००:१२

मग सापडलं. तो आयपीव्ही६ पत्ता आहे, म्हणजे नव्या पद्धतीचा. डोमेन विकत घेतलं तेव्हा विकणाऱ्याने 'लवकरच येत आहे'च्या पानासाठी दोन नोंदी केल्या असणार, ए (जुन्या पद्धतीच्या, आयपीव्ही४ पत्त्याची) आणि एएएए (आयपीव्ही६ पत्त्याची). तुम्ही ए बदललात, एएएए तशीच राहिली. तुमच्या घरच्या जोडणीला आयपीव्ही६ नसेल, म्हणून तुम्ही नव्या सर्व्हरवर जाता. ताईंच्या मोबाइलला असेल, म्हणून त्या जुन्या पानावर. आणि लेट्स एन्क्रिप्ट दोन्ही पत्ते असतील तर आधी आयपीव्ही६ वर जातं. तिथून उत्तरच आलं नाही तर आयपीव्ही४ वर वळतं, पण तिथे कोणीतरी जागा आहे आणि ४०४ ('पान सापडलं नाही') म्हणतोय, मग तेच अंतिम.

एएएए नोंद काढून टाका. तासाभराने पुन्हा प्रयत्न करा. फसलेल्या पडताळणीला एका नावामागे तासाला पाचची मर्यादा आहे. यापुढे सराव त्यांच्या स्टेजिंग सर्व्हरवर करा, तिथे मर्यादा बऱ्याच सैल आहेत.

अर्धविराम | बुध, ००:१५

मानलं. +१

चकवा | बुध, ००:१६

मी 'पसरतंय' मागे घेतो.

वाटसरू | बुध, ०१:२२

मिळालं प्रमाणपत्र! रातराणी, साष्टांग. पत्ता एचटीटीपीएसचा केला, ताईंच्या मोबाइलवरही दिसतंय.

आणि आता ताईंना लॉगिन होत नाही. पासवर्ड बरोबर आहे, पण 'कुकीज ब्लॉक आहेत किंवा ब्राउझरला चालत नाहीत' असं येतं. झोपू का?

अर्धविराम | बुध, ०८:१०

झोपला असाल अशी आशा.

उपडोमेनवाल्या मल्टिसाइटमध्ये वर्डप्रेस लॉगिनची कुकी मुख्य.ऑर्गच्या नावाने देतं, म्हणजे एकदा लॉगिन केलं की चौदाही ब्लॉगांत ओळख पटते. पण ताई आता दुसऱ्याच डोमेनवर उभ्या आहेत. त्या डोमेनवरून मुख्य.ऑर्गच्या नावाची कुकी आली की ब्राउझर ती फेकून देतो, आणि ते योग्यच आहे.

उपाय कॉन्फिग फाइलमध्ये. 'संपादन इथे थांबवा' अशी जी ओळ असते तिच्या वर कुकी डोमेन हा स्थिरांक सर्व्हर चलातल्या एचटीटीपी होस्टइतका ठेवा. म्हणजे जो ज्या नावावर आला त्याला त्या नावाची कुकी.

गोफण | बुध, ०९:२६

हा उपाय इंटरनेटवर सगळीकडे आहे आणि त्याची किंमत कोणी सांगत नाही. ही ओळ टाकली की बाकीच्या तेरा ब्लॉगांचं सामायिक लॉगिन गेलं. कविता ब्लॉगवर लॉगिन, प्रवासवर पुन्हा लॉगिन, नेटवर्क अ‍ॅडमिनला पुन्हा. तेरा लेखक वाटसरूंना फोन करतील. जुन्या प्लगिनमध्ये निदान दूरस्थ लॉगिनची सोय होती.

अर्धविराम | बुध, ०९:४०

मुद्दा मान्य, गोफण. ओळीला अट घाला मग. आलेल्या होस्टच्या नावाचा शेवट मुख्य.ऑर्गने होत नसेल तरच कुकी डोमेन बदलायचं, एरवी वर्डप्रेसला त्याचं काम करू द्यायचं. तेरा जणांना काही कळणारही नाही.

दूरस्थ लॉगिनचं म्हणाल तर एका डोमेनवरून दुसऱ्याची कुकी ठेवायची ती युक्ती होती. सफारीने मार्च २०२० मध्ये तिऱ्हाइताच्या सगळ्या कुकीज सरसकट बंद केल्या. आता त्यावर घर बांधू नये.

गोफण | बुध, ०९:४४

अट आवडली. घेतो.

पिंपळपान | बुध, १०:३०

रच्याकने, जुन्या पत्त्याचं काय? प्रवास.मुख्य.ऑर्गचे दुवे लोकांनी इतकी वर्षं साठवलेत, शोधयंत्रातही तेच असणार.

वाटसरू | बुध, १३:१५

लॉगिन झालं, अटीसकट.

पिंपळपान, तुमचा प्रतिसाद वाचून जुना दुवा उघडला आणि पोटात गोळा आला. पुन्हा तेच 'नोंदणी बंद आहे'. ताईंच्या लेखांतले निम्मे फोटोही गायब आहेत.

कुंपण | बुध, १३:५०

होणारच. जुनं प्लगिन दोन्ही पत्ते जपायचं. मूळ सोयीत मात्र तक्त्यातलं नाव बदललं की जुनं नाव वर्डप्रेस विसरतं. गोफण यांच्या बाजूने बोलण्यासारखा हाच एक मुद्दा खरा.

जुन्या उपडोमेनसाठी सर्व्हरमध्ये वेगळा विभाग लिहा: जे काही येईल ते ३०१ ने (कायमचं वळवल्याचा संकेत) नव्या डोमेनच्या त्याच पानावर. मुखपृष्ठावर नको, त्याच पानावर, म्हणजे पुढचा सगळा मार्ग जसाच्या तसा जोडून. हा नियम कायमचा ठेवा. वाइल्डकार्ड प्रमाणपत्र आहेच, जुन्या नावाला ते चालेल.

फोटोंचं कारण असं की लेखात फोटोचा पूर्ण पत्ता साठवलेला असतो, जुन्या नावासकट. ३०१ लावला की ते दिसू लागतील, पण हेलपाटा घालून. डब्ल्यूपी-सीएलआय या आज्ञा टाइप करून वर्डप्रेस चालवायच्या साधनातल्या सर्च-रिप्लेसने जुनं नाव बदलून घ्या. आधी ड्राय-रन, किती जागी बदल होणार ते बघा. यूआरएलचा पर्याय देऊन फक्त त्याच ब्लॉगच्या तक्त्यांवर चालवा. आणि जीयूआयडीचा रकाना वगळा. ती लेखाची ओळखखूण असते. बदललीत तर फीड वाचणाऱ्यांना सगळे जुने लेख नवे म्हणून पुन्हा दिसू शकतात.

डेटाबेसमध्ये शिरून हाताने शोधा-बदला मात्र करू नका.

गोफण | बुध, १४:०५

शेवटच्या वाक्याला अनुमोदन, कारण मी केलं होतं. वर्डप्रेस विजेट, थीमच्या सेटिंग वगैरे 'सिरियलाइज' करून ठेवतं: आधी मजकुराची लांबी, मग मजकूर. म्हणजे '२३ बाइट' असं लिहून पुढे पत्ता. मी पत्ता बदलला, नवा १९ बाइटांचा, पण मागे २३ तसेच. वर्डप्रेसने मोजलं, जुळलं नाही, अख्खी सेटिंग कचऱ्यात. सकाळी ब्लॉगची बाजूपट्टी कोरी. सीएलआयची आज्ञा लांबीही दुरुस्त करते.

मुंगळा | बुध, १९:१०

सगळं छान झालं. एकच विचारतो, डोमेन कोणाच्या नावावर आहे आणि नूतनीकरणाची सूचना कोणाच्या मेलवर जाते? आमच्या एका गटाचं डोमेन एका हौशी मित्राने घेतलं, तो पुढे संपर्कात राहिला नाही, सूचना त्याच्या बंद खात्यावर जात राहिल्या. मुदत संपल्याचं आम्हाला साइट बंद पडल्यावर कळलं. डॉट कॉमसारख्या नावांना नोंदणी रद्द झाल्यावरही तीस दिवसांचा सोडवणूक काळ असतो, पण तेव्हाही अर्ज नोंदलेल्या मालकानेच करायचा. मालक गायब. तिथे आता कोणीतरी जुगाराच्या जाहिराती लावल्यात आणि आमचे जुने दुवे तिकडे जातात.

पिंपळपान | बुध, १९:२२

बाप रे. आणि ती सूचना ज्या मेलवर जाणार तो पत्ता त्याच डोमेनवरचा नसावा, हेही बघा. डोमेन बंद पडलं की मेलही बंद.

वाटसरू | गुरु, २१:०३

सर्च-रिप्लेस केलं. ड्राय-रनमध्ये ८१२ बदल दिसले, प्रत्यक्षातही तेवढेच झाले. ३०१ लागला, जुने दुवे बरोबर त्याच लेखावर जातात, फोटो परतले. डोमेन ताईंच्याच नावावर आहे, सूचनेचा मेल मात्र त्याच डोमेनवरचा निघाला (पिंपळपान, तुम्ही कुठे पाळत ठेवून आहात का?). बदलून घेतला.

तर माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर, 'कुठलंच नाही.'

ताई खूश आहेत. एकच तक्रार आली: 'कविता ब्लॉगवर प्रतिसाद द्यायला गेले तर पुन्हा लॉगिन मागतो, आधी नव्हता मागत.' अर्धविराम यांचं कुकीपुराण त्यांना ऐकवलं. त्या म्हणाल्या, 'म्हणजे स्वतंत्र घर घेतलं की किल्ल्याही दोन सांभाळायच्या.'

हे सगळं जाळ्याच्या बैठकीत सांगितलं. लगेच आणखी तिघांनी डोमेन घेतो म्हणून हात वर केले.

चकवा | गुरु, २१:०५

पसरतंय.